फिक्स्ड गिअर आणि उलटे आटे

जुन्या रोड बाइकच्या मागच्या चाकावरचं फ्रीव्हील काढा, त्याच आट्यांवर एक कॉग (चेन बसते ते दातेरी चक्र) आवळा, ब्रेक काढून टाका, झाली फिक्स्ड गिअर सायकल! खर्च जवळपास शून्य. असं सांगणारे व्हिडिओ हल्ली बरेच दिसतात. कॉग त्या आट्यांवर बसतो, एवढंच त्यातलं बरोबर आहे. पुढचं दात पाडणारं आहे.

फ्रीव्हीलमध्ये खटके असतात, म्हणून पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं. फिक्स्डमध्ये खटके नाहीत. चाक फिरलं की पॅडल फिरणारच, आणि पायांनी पॅडल आवरलं की चाकही आवरतं.

हे आवरणंच हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, जिवावर येतं. सायकलकडे उजव्या बाजूने बघा. पुढे जाताना चाक घड्याळाच्या दिशेने फिरतं, आणि कॉगही त्याच दिशेने आवळला जातो. म्हणजे पॅडल मारताना तो आपोआप घट्ट होतो. आता पाय रोखा. चेनची खालची बाजू ताणली जाते आणि कॉगला उलटं पिळते. किती? १७० मिमीच्या क्रँकवर (पॅडल जोडलेल्या दांड्यावर) ५०० न्यूटनचा, म्हणजे साधारण ५० किलो वजनाएवढा जोर दिला, तर क्रँकवर ८५ न्यूटन-मीटर पीळ पडतो. पुढे ४२ दाते आणि मागे १६ असतील, तर ८५ गुणिले १६ भागिले ४२, म्हणजे सुमारे ३२ न्यूटन-मीटर कॉगवर येतो, आणि तोही सैल होण्याच्या दिशेने.

ट्रॅक हबवर, म्हणजे फिक्स्डसाठीच बनवलेल्या हबवर, यासाठी दोन पायऱ्यांचे आटे असतात. आतले कॉगचे, सुलटे, म्हणजे घड्याळाच्या दिशेने आवळणारे. बाहेरचे किंचित कमी व्यासाचे, लॉकरिंगचे (कॉगला बाहेरून दाबून धरणाऱ्या कड्याचे), उलटे. कॉग सैल व्हायला लागला की घर्षणाने लॉकरिंगलाही त्याच दिशेने ओढतो. पण लॉकरिंगच्या दृष्टीने ती आवळण्याची दिशा! जितका जोरात ढिला होऊ पाहील, तितका करकचून अडकेल.

फ्रीव्हीलच्या हबवर ही दुसरी पायरी नसते. तिथे काही जण बॉटम ब्रॅकेटचं (क्रँक ज्या आसावर फिरतात त्या भागाचं) लॉकरिंग बसवतात. त्याचे आटे सुलटे, त्यामुळे कॉग आणि लॉकरिंग दोघं मिळून सुटतात. म्हणून पैसे वाचवायचेच असतील तर फ्रेम, क्रँक, पुढचं चाक जुनंच ठेवा आणि मागचं चाक ट्रॅक हबचं घ्या.

फ्रेम निवडताना मागच्या चाकाचा आस बसतो त्या खाचा आडव्या आहेत ना ते बघा, नाहीतर आस मागे सरकवून चेन ताणता येत नाही. जुन्या फ्रेमची मागची रुंदी १२६ मिमी असेल, तर १२० मिमीच्या हबला दोन्हीकडे ३ मिमीचे वॉशर लागतात. मग चेन अगदी सरळ धावते का, ते मागून डोळा लावून तपासा.

‘फिक्स्डमध्ये चाकच पाय ढकलतं, म्हणून मेहनत कमी’ ही मात्र थाप आहे. ती ढकल सायकलच्या वेगातूनच येते, आणि तो वेग तुमच्याच पायांनी दिलेला असतो.

पुढचा ब्रेक काढू नका. ब्रेक लावताना भार पुढच्या चाकावर जातो, मागचं चाक हलकं होऊन घसरतं. कोरड्या रस्त्यावर ताशी ३० किमी वेगात पुढच्या ब्रेकने साधारण ७ मीटरमध्ये थांबता येतं. नुसत्या मागच्या चाकाने त्याच्या दुप्पट अंतर लागतं.

सगळं जोडल्यावर एक चढ जोर लावून चढा. कॉग आणखी थोडा आवळला जाईल आणि लॉकरिंग सैल पडेल. घरी येऊन ते पान्याने पुन्हा घट्ट करा, मगच पायांनी सायकल रोखायचा सराव करा.