पोसायडन : समुद्रदेवामागचा भूकंपदेव

कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर 1940 च्या दशकात पोसायडनची एक छोटी कांस्यमूर्ती सापडली. रोमन व्यापारातून ती इथवर आली असावी. पाहणारा तिला सहजच ग्रीक समुद्रदेवाची मूर्ती म्हणतो, पण खुद्द ग्रीकांच्या लेखी ही ओळख अपुरी होती.

या देवाचे नाव लिनिअर बी लिपीतल्या मातीच्या पाट्यांवर आढळते, म्हणजे वाचता येणाऱ्या सर्वांत जुन्या ग्रीक लेखनात. मायकेल व्हेंट्रिस यांनी 1952 मध्ये ही लिपी उलगडली. इ.स.पू. 1200 च्या सुमारास ग्रीसमधल्या पायलॉस नगराचा राजवाडा जळाला आणि त्याच आगीत भाजल्यामुळे तिथले दफ्तर टिकले. त्यात पोसायडनला द्यायच्या धान्याची, मद्याची, बैलाची, चीजची आणि मधाची नोंद आहे. देणे सगळे शेतातले आणि गोठ्यातले आहे, आणि या नोंदींपुरता तरी त्याचा मान देवांचा राजा झ्यूस याच्याहून मोठा दिसतो.

होमरच्या काव्यात तिघा भावांनी चिठ्ठ्या टाकून विश्व वाटून घेतले, तेव्हा झ्यूसला आकाश, हेडिसला पाताळ आणि पोसायडनला समुद्र मिळाला. तरीही होमर त्याला पुन्हापुन्हा ‘भूमी हादरवणारा’ म्हणतो, आणि वारंवार भूकंप होणाऱ्या त्या देशात ही उपाधी केवळ काव्यापुरती नव्हती. तायनारॉन इथल्या पोसायडनच्या मंदिरात आश्रयाला आलेल्या हेलटांना, म्हणजे आपल्या भूदासांना, स्पार्टाच्या लोकांनी बाहेर काढून ठार केले होते, इ.स.पू. 464 च्या सुमारास त्यांच्या नगरावर आलेला भूकंप त्याच पापाचे फळ आहे, असे ते स्वतःच मानत, हे ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसने नोंदवले आहे.

तो घोड्यांचाही देव होता. चहूबाजूंनी डोंगर असलेल्या आर्केडियातील मँटिनिया या नगराजवळ ‘अश्वदेव’ पोसायडनचे मंदिर होते. अथेन्सच्या कथेत नगराचे दैवत होण्याच्या स्पर्धेत तो अथीना देवीकडून हरला, पण त्याच्या त्रिशूळाची म्हणून दाखवली जाणारी खूण तिथल्या अ‍ॅक्रोपोलिस टेकडीवर जपली गेली. आरमारावर जगणाऱ्या नगराला त्याला दुखावणे परवडणारे नव्हते, हेच त्यामागचे कारण मला अधिक पटते.

समुद्रदेव आणि भूकंपदेव ही त्याची दोन्ही रूपे कॉरिंथच्या आखाताकाठी हेलिके नगरात एकाच रात्री एकत्र आली. इथे आयोनियन ग्रीकांचे पूर्वापार पोसायडन-मंदिर होते. इ.स.पू. 373 च्या हिवाळ्यात भूकंप झाला, पाठोपाठ समुद्र आत शिरला आणि अख्खे नगर बुडाले. आयोनियन लोकांनी मागितलेली मूर्ती, निदान मंदिराचा नमुना, हेलिकेकरांनी दिला नाही म्हणून देव कोपला, असे लोक म्हणत. पुढे शतकाहून अधिक काळ लोटल्यावर ग्रीक भूगोलतज्ज्ञ इराटोस्थेनिस तिथे गेला, तेव्हा नावाडी त्याला सांगत होते की पाण्याखाली पोसायडनची कांस्यमूर्ती अजून उभी आहे आणि जाळी टाकणाऱ्या कोळ्यांना तिच्यापासून धोका आहे.