आधी कोणी चढायचे? विमानतळावरील अग्रक्रमाच्या रांगेची पार्श्वभूमी

बेळगावजवळच्या सांबरा विमानतळावर घोषणा होण्याच्या बरीच आधी प्रवासी गेटपाशी उभे राहू लागतात आणि ज्यांना खरोखर पहिल्यांदा बोलावले जाते त्यांना त्या गर्दीतून वाट काढत पुढे यावे लागते. यातून होणाऱ्या कुरबुरी मुंबई-दिल्लीतही होतात आणि शिकागोतही होतात. परंतु सांबऱ्याला येणारी बरीच विमाने लहान असल्यामुळे या भांडणाचे मूळ इथे जरा उघडे पडते. आधी चढण्याचा हक्क मुळात कोणत्याही एका तत्त्वावर उभा राहिलेलाच नाही. प्रवाशाची गरज, तिकिटाचा वर्ग, कंपनीशी असलेली निष्ठा आणि वर मोजलेले पैसे ही कारणे वेगवेगळ्या दशकांत रुजली, पहिली कारणे न काढताच पुढची त्यांच्यावर रचली गेली आणि आज ती सारी एकाच गेटवर एकाच वेळी बोलावली जातात.

यांपैकी वर्गाचे कारण जुने आहे. 1 मे 1952 पासून उत्तर अटलांटिकवरील उड्डाणांत स्वस्त 'टुरिस्ट' वर्ग सुरू झाला आणि एकाच विमानात महाग व स्वस्त असे दोन प्रवासी नियमितपणे शेजारी आले. निष्ठेचे कारण त्यानंतर तीन दशकांनी आले. अमेरिकेत 1978 मध्ये विमान वाहतुकीवरचे भाडेनियंत्रण उठले, कंपन्यांमध्ये चुरस लागली आणि 1 मे 1981 रोजी अमेरिकन एअरलाइन्सने वारंवार प्रवास करणाऱ्यांना मैलांच्या हिशेबाने बक्षीस देणारी योजना आणली. काही दिवसांतच युनायटेड या दुसऱ्या अमेरिकी कंपनीनेही तिचा कित्ता गिरवला. मोफत तिकीट देणे कंपनीला महाग पडते, मोठे आसन देण्यालाही मर्यादा असते, पण 'तुम्ही आधी चढा' असे म्हणायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. विमान कंपन्यांनी हे बक्षीस पुढे मुक्तहस्ताने का वाटले, याचे उत्तर एवढ्यातच आहे.

तरीही खरी कलाटणी मिळाली ती 2008 मध्ये, आणि तीही रांगेच्या नव्हे तर सामानाच्या निमित्ताने. इंधनाचे दर भडकल्याने अमेरिकन एअरलाइन्सने त्या वर्षी चेक-इन केलेल्या पहिल्याच बॅगेसाठी 15 डॉलर आकारायला सुरुवात केली आणि बहुतेक मोठ्या अमेरिकी कंपन्यांनी तीच वाट धरली. लोकांनी साहजिकच सामान हातात घेतले. डोक्यावरच्या कप्प्यांत मात्र तेवढी जागा नव्हती. तोपर्यंत आधी चढणे हा निव्वळ मानाचा भाग होता, कारण आसन क्रमांक ठरलेला असल्यावर आधी बसून मिळवायचे काय? आता त्याला हिशेबी अर्थ आला: उशिरा चढणाऱ्याची बॅग गेटवर काढून घेऊन खाली मालाच्या कप्प्यात जाणार. कंपन्यांनी आधी टंचाई निर्माण केली आणि मग तिच्यातून सुटण्याचा मार्ग विकायला काढला, असे म्हटले तर ते फारसे अन्यायाचे होणार नाही. साउथवेस्ट या अमेरिकी कंपनीने 2009 मध्ये थोड्या पैशात रांगेतला पुढचा क्रमांक देऊ केला, तर युनायटेडने 2012 मध्ये लहान मुले असलेल्या कुटुंबांना आधी चढू देण्याची आपली जुनी पद्धत बंद केली. गरज मागे सरकली आणि पैसा पुढे आला.

प्रवाशांना ज्या गटांत विभागून बोलावतात त्यांची संख्या वाढत गेली. अमेरिकन एअरलाइन्सकडे ती नऊवर पोचली आणि नवव्या गटापर्यंतचे लोक आपली पाळी येण्याआधीच गेटला भिडू लागले. अखेर 2024 मध्ये त्या कंपनीने अशी यंत्रणा आणली की पाळीआधी कोणी बोर्डिंग पास पुढे केला तर यंत्र आवाज करून त्याला परत पाठवते. गंमत अशी की एवढा क्रम लावून वेळ वाचतो असेही नाही. जेसन स्टेफन या खगोलभौतिकशास्त्रज्ञाने 2011 मध्ये सहकाऱ्यासह 72 प्रवाशांवर केलेल्या प्रयोगात, मागच्या ओळींपासून गटागटाने लोकांना चढवायला सात मिनिटांना काही सेकंद कमी लागले. कोणताही क्रम न लावता मात्र पावणेपाच मिनिटांतच सगळे बसले. खिडकीकडचे आधी, मग मधले, मग कडेचे अशा पद्धतीला सव्वाचार मिनिटे लागली.

भारतात हा इतिहास उशिरा आणि वेगळ्या अंगाने घडला. 1953 मध्ये विमान वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यासंबंधीचा कायदा 1994 मध्ये रद्द झाला, आणि सामान्य माणूस विमानात आला तो 2003 नंतर, कर्नाटकातल्याच कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनमुळे. या कंपनीत सुरुवातीला आसन क्रमांक नसत. जो आधी चढेल त्याची खिडकी. त्यामुळे गेट उघडताच लोक धावत, आणि त्या धावण्याला शहरी वर्तमानपत्रांतून नाके मुरडली गेली. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या माणसाला मात्र त्यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची रीत त्याच्या अंगवळणी पडलेली होती आणि त्या रीतीलाही आपले नियम होते: रुमाल पडलेल्या जागेवर दुसरा बसत नसे आणि म्हातारे माणूस आले की रुमालवालाही उठत असे. पुढे क्रमांक छापले जाऊ लागले, धावण्याचे कारण संपले, तरी सवय राहिली. 2013 मध्ये सरकारने पसंतीचे आसन, जादा सामान यांसारख्या सेवा मूळ भाड्यापासून वेगळ्या करून त्यांचे शुल्क घेण्याची मुभा दिल्यावर अग्रक्रमही विक्रीच्या यादीत आला.

सांबऱ्याची धावपट्टी मुळात प्रवाशांसाठी नव्हती. 1942 मध्ये ब्रिटिश हवाई दलाने ती युद्धासाठी बांधली आणि भारतीय हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आजही तिथेच आहे. सध्याच्या टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर 2017 मध्ये झाले. लहान शहरांना विमानसेवेने जोडणाऱ्या केंद्र सरकारच्या उडान योजनेत बेळगावची निवड झाल्यावर विमानांची संख्या वाढली आणि त्याबरोबर रांगही. या टर्मिनलला एरोब्रिज, म्हणजे गेटपासून विमानाच्या दारापर्यंत नेणारा झाकलेला पूल, नाही, त्यामुळे विमानात चढायचे ते शिडीनेच. त्यात 78 आसनांचे एटीआर, म्हणजे पंख्यांचे लहान विमान, असेल तर सगळा हिशेबच उलटतो. एटीआरला प्रवाशांचे दार मागच्या बाजूला असते, पुढे मालाचा कप्पा असतो, आणि सारे लोक मागूनच चढत असल्यामुळे शेपटी जमिनीला टेकू नये म्हणून तिला खालून टेकू लावतात. अशा विमानात पहिल्या ओळीचा प्रवासी आधी चढला तरच वाट मोकळी राहते. मोठ्या विमानाच्या सवयीने मागच्या ओळी आधी सोडल्या तर त्या दारातच तुंबतात. शिवाय वरचे कप्पे इतके लहान की चाकांची जाडजूड बॅग आधी जाऊनही तिथे मावत नाही. ती शिडीपाशीच काढून घेतली जाते. ज्या एका कारणासाठी जगभर अग्रक्रम विकत घेतला जातो, ते कारण इथे बरेचसे गैरलागू आहे, तरीही गेटवर खांद्याला खांदा लागतोच. स्टार एअर या कंपनीच्या 76 आसनी एम्ब्राएर विमानामध्ये 12 जागा बिझनेस क्लासच्या असतात, तिथे निदान वर्गाचा क्रम डोळ्यांना दिसतो.

गरजेचे कारण अजून टिकून आहे आणि वादही सर्वाधिक त्यावरूनच होतात. व्हीलचेअरवरच्या प्रवाशाला आधी नेण्यास कोणाची हरकत नसते. हरकत असते ती त्याच्या मागोमाग सरकणाऱ्या तीन-चार धडधाकट नातेवाइकांबद्दल. व्हीलचेअर मागणारा खरोखर अशक्त आहे का, अशी कुजबुजही ऐकू येते. परंतु फेब्रुवारी 2024 मध्ये मुंबई विमानतळावर पुरेशा व्हीलचेअर नसल्याने चालत निघालेला एक वृद्ध प्रवासी कोसळून मरण पावला आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एअर इंडियाला 30 लाखांचा दंड केला, हे लक्षात ठेवले तर संशयापेक्षा सबुरी बरी वाटेल. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असलेल्या बेळगावात सैनिकांना पुढे जाऊ देण्यास कोणी नाके मुरडत नाही. एअर इंडियाने 2017 च्या स्वातंत्र्यदिनापासून सैनिकांना आधी चढवण्याचे जाहीर केले होते. इथल्या लोकांनी ते कोणत्याही परिपत्रकाविना आधीपासून पाळले आहे.

पदाचा अग्रक्रम मात्र लोकांना खुपतो. त्याच 2017 च्या मार्चमध्ये उस्मानाबादच्या तत्कालीन खासदारांनी बिझनेस क्लासच्या जागेवरून विमान कर्मचाऱ्याला मारहाण केल्याचे प्रकरण देशभर गाजले, विमान कंपन्यांनी त्यांच्यावर काही काळ बंदी घातली, आणि सप्टेंबरमध्ये बेशिस्त प्रवाशांसाठी तीन पायऱ्यांचे नियम आले. शिवीगाळीसाठी तीन महिन्यांपर्यंत, अंगाला हात लावल्यास सहा महिन्यांपर्यंत आणि जिवाला धोका होईल अशा वर्तनासाठी दोन वर्षे किंवा अधिक काळ प्रवासबंदी. रांगेत घुसणे यात स्वतंत्रपणे मोडत नाही. घुसल्यावर तोंडातून जे निघते ते मात्र मोडते.

सीमाभागात भाषेचा मुद्दा कुठेही डोके वर काढतो, म्हणून त्याचीही नोंद घ्यावी. 2018 च्या अखेरीस विमानतळ प्राधिकरणाने आपल्या विमानतळांवर आधी स्थानिक भाषेत, मग हिंदी व इंग्रजीत घोषणा करण्याचे ठरवले. सांबऱ्याला स्थानिक भाषा म्हणजे अर्थातच कन्नड. खेड्यातून पहिल्यांदा विमानाने मुलाकडे निघालेल्या मराठी आजींना त्यातला हिंदी भाग कळतो, पण 'झोन' (चढण्याचा गट) म्हणजे काय हे कोणत्याच भाषेत कळत नाही, आणि त्या सर्वांबरोबर उठून उभ्या राहतात. अशा वेळी 'आजी, तुमचा नंबर अजून यायचा आहे, बसा' असे शेजारचाच कोणीतरी सांगतो, बहुधा कानडीमिश्रित मराठीत, आणि घोषणेपेक्षा ते अधिक कामाला येते.

10 मार्च 2024 रोजी सांबऱ्याच्या नव्या, मोठ्या टर्मिनलची पायाभरणी झाली. त्याला एरोब्रिज लागतील तेव्हा मोठ्या विमानांसाठी गटागटाने बोलावण्याची पद्धत इथे अधिक काटेकोर होईल. एटीआरसारखे बुटके, मागून चढायचे विमान मात्र सहसा एरोब्रिजला लावत नाहीत, तेव्हा त्याचे प्रवासी पुढेही शिडीपाशीच जमतील आणि पहिल्या ओळीवाल्याला वाट द्यायची की नाही, हे तिथेच आपसांत ठरवतील.