अख्खं पेव की एकेक पोतं?

सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीची पेवं असायची. जमिनीत खोल खोदलेली, वरून तोंड लिंपून बंद केलेली. भाव आला की तोंड फोडायचं, आतली कोंडलेली हवा जाऊ द्यायची, मगच माणूस उतरायचा. आणि एकदा फोडलं की सगळा माल बाहेर. गोदामातल्या पोत्यांचं तसं नाही. हवं ते पोतं उसवायचं, बाकीची थप्पीत तशीच.

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत गल्लत होते ती इथंच. 'लेझीकॉन्स्टंट'मध्ये, म्हणजे एकच किंमत धरणाऱ्या डब्यात, ठेवलेली लिस्ट म्हणजे पेव, आणि 'लिस्ट.ऑफलेझी'नं केलेली लिस्ट म्हणजे थप्पी. दोन्ही लेझी, म्हणजे आळशी. दोन्हींत किंमत पहिल्यांदा मागितल्यावर ठरते आणि मग बदलत नाही. चार थ्रेड (प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारी कामं) एकदम येऊन धडकले तरी हिशेब एकच जण करतो, बाकीचे थांबतात. (सप्टेंबर 2025च्या जेडीके 25 या जावाच्या आवृत्तीत हे 'स्टेबलव्हॅल्यू' नावानं आलं, मार्च 2026च्या 26मध्ये बारसं पुन्हा झालं. तिथंही ते प्रिव्ह्यूच, म्हणजे मुद्दाम चालू करावं लागतं.)

फरक मला कळला तो मार्केट यार्डातल्या एका आडतीसाठी प्रोग्रॅम लिहिताना. 12 हंगामांचे सौद्यांचे गोषवारे, दर हंगामाची फाइल वेगळी. प्रोग्रॅम सुरू होतानाच सगळे वाचले जायचे, म्हणून मी अख्खी लिस्ट लेझीकॉन्स्टंटमध्ये टाकली. सुरुवात झटक्यात होऊ लागली. दुसऱ्या दिवशी दिवाणजी म्हणाले, "साहेब, यंदाचा गोषवारा दाबला की मी चहा पिऊन येतो." बरोबरच होतं त्यांचं. त्यांना एक हंगाम हवा होता, मी बाराही उपसत होतो. वेळ वाचला नव्हता, फक्त सकाळी नऊवरून साडेनऊवर ढकलला होता.

मग 'लिस्ट.ऑफलेझी(12, ...)'. आकडा आधी सांगावाच लागतो, कारण ही लिस्ट नंतर वाढत नाही. सोबत क्रमांकावरून गोषवारा तयार करणारं फंक्शन द्यायचं. अकराव्या क्रमांकाला हात लावला की अकरावाच तयार होतो. साइझ विचारली तर काहीच तयार होत नाही.

हे इतकं आवडलं की मी अतिरेक केला. मागच्या हंगामाची शेतकऱ्यागणिक उलाढाल 'मॅप.ऑफलेझी'त घातली. मॅप म्हणजे किल्ली आणि तिची किंमत अशा जोड्या. इथं किल्ल्या आधी ठरलेल्या, किंमत मागेल तेव्हा. कागदावर झकास. पण यादीचा स्क्रीन उघडला की प्रत्येक शेतकऱ्यामागे डेटाबेसला एक क्वेरी, म्हणजे वेगळी विचारणा. क्वेरींचं पेवच फुटलं म्हणा ना! आधी ही सगळी उलाढाल एका क्वेरीत यायची. तिथं पेवच बरं होतं: एक लेझीकॉन्स्टंट, आत अख्खा मॅप. हिशेबाचा खर्च सामाईक असेल तर तुकडे करण्यात अर्थ नाही, आणि प्रत्येक घटकाचा खर्च वेगळा असेल तर मोट बांधण्यात नाही. मी आता आधी एवढंच बघतो.

न बदलण्याचंही दोन्हींत सारखं नाही. ऑफलेझीच्या लिस्टला 'ॲड' केलं तर अपवाद (एक्सेप्शन, म्हणजे चूक) फेकला जातो. लेझीकॉन्स्टंट मात्र आतल्या डब्याची हमी देतं, डब्यातल्या मालाची नाही. आत साधी, वाढवता येणारी 'ॲरेलिस्ट' ठेवलीत तर कुणीही तिच्यात भर घालेल, आणि जावा तक्रार करणार नाही. म्हणून आत ठेवताना 'लिस्ट.कॉपीऑफ'नं केलेली न बदलणारी प्रत. तरी घटकच बदलता येणारे असतील तर ते दोन्हीकडे बदलतातच.

वेगाबद्दल थोडकंच. दोन्ही 'स्टॅटिक फायनल'मध्ये (एकदाच भरता येणाऱ्या जागेत) ठेवली तर किंमत एकदा ठरल्यावर जेव्हीएम, म्हणजे जावाचा प्रोग्रॅम चालवणारं यंत्र, ती खरी स्थिर मानून कोड आणखी आवळू शकतं. हाताने लिहिलेल्या 'नल (रिकामं) असेल तर भर' पद्धतीला ते जमत नाही.

आजचा भाव मात्र दोन्हींत ठेवू नका. दुपारी तो बदलतो, ही बदलत नाहीत.

आणि थप्पीवर 'कंटेन्स' (हा घटक यात आहे का, ही विचारणा) सहज लिहू नका. माझ्याच एका तपासणीच्या ओळीत ते राहिलं होतं. गोषवारा सापडेपर्यंत ते पहिल्या पोत्यापासून एकेक उसवत गेलं, आणि दिवाणजींचा चहा पुन्हा सुरू झाला.