पातळ ते सोपे, हा गैरसमज

वृद्धाश्रमात जेवण वाढताना एक समजूत हमखास आढळते: ज्यांना गिळायला त्रास होतो, त्यांना जितके पातळ द्यावे तितके बरे. पक्षाघात, पार्किन्सन किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या अनेकांच्या बाबतीत वस्तुस्थिती नेमकी उलट असते. पाणी किंवा चहा तोंडातून इतक्या वेगाने घशात उतरतो की श्वासनलिकेचे तोंड बंद होण्याआधीच तो तिथे पोहोचतो; परिणामी ठसका लागतो आणि काहींना फुप्फुसाचा संसर्गही होतो. ठसका न लागताही हे घडू शकते, हे तर अधिकच फसवे. पातळ आमटीत कालवलेला भात, जो आपण आजारी माणसाला मायेने भरवतो, त्यात द्रव आणि शिते एकाच वेळी सांभाळावी लागतात, म्हणून तो घोटलेल्या मऊ खिचडीपेक्षा अवघड ठरतो. अन्नाच्या दाटपणाच्या आंतरराष्ट्रीय श्रेणीत 0 ते 7 असे आठ स्तर असून साधे पाणी 0 वर आहे. मात्र सरसकट सगळ्यांचे पाणी दाट करणेही चूकच, कारण ते नकोसे वाटून माणूस कमी पितो. कोणता स्तर योग्य, हे वाचा-उपचारतज्ज्ञाने (बोलण्याच्या तसेच गिळण्याच्या अडचणींवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञाने) तपासून ठरवावे. भरवताना मात्र प्रत्येकाला ताठ बसवावे आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ देऊ नये.