शरीराचे पृष्ठफळ: उंची-वजन नीट घ्या, मग हिशेब करा

वजनकाटा किंवा उंचीची पट्टी घ्यायला आमच्याकडे येणाऱ्या काही ग्राहकांच्या हातात डॉक्टरांचा कागद असतो. त्यावर ‘बीएसए’ लिहिलेले असते, नाहीतर किडनीच्या रिपोर्टवर ‘1.73 चौ. मी.’ छापलेले असते. हे काय, ते दवाखान्याच्या गडबडीत विचारायचे राहून जाते. म्हणून हे पत्रक.

बीएसए म्हणजे शरीराचे पृष्ठफळ, म्हणजेच अंगावरची सगळी त्वचा मिळून किती चौरस मीटर भरते तो आकडा. केमोथेरपीच्या बऱ्याच औषधांची मात्रा किलोवर नाही, या चौरस मीटरवर ठरते. किडनीच्या रिपोर्टमधले 1.73 हे एका प्रमाण माणसाचे पृष्ठफळ धरलेले आहे. ते तुमचे स्वतःचे नव्हे.

हिशेब सोपा आहे. उंची सेंटिमीटरमध्ये, वजन किलोमध्ये घ्या. दोन्हींचा गुणाकार करा, 3600 ने भागा आणि उत्तराचे वर्गमूळ काढा. उंची 160, वजन 60 असेल तर गुणाकार 9600, भागाकार 2.67, वर्गमूळ 1.63. म्हणजे 1.63 चौरस मीटर. हे मोस्टेलर यांचे 1987 चे सूत्र, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवरही होते. त्याआधी 1916 साली ड्यूबॉइस यांनी मोजक्या नऊ माणसांच्या अंगाची मापे घेऊन सूत्र बसवले होते, त्यात 0.425 आणि 0.725 असे घातांक असल्यामुळे ते हाताने करणे कटकटीचे. याच माणसासाठी ते 1.62 देते. एवढ्या फरकासाठी डोके शिणवू नये असे आमचे मत. दवाखाना कुठले सूत्र वापरतो तेच शेवटपर्यंत धरा, म्हणजे झाले.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र वजनावरून अंदाज बांधू नका. उंची 110 आणि वजन 18 किलो असलेल्या मुलाचे पृष्ठफळ 0.74 येते. वजन वरच्या माणसाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी, पण त्वचा जवळजवळ निम्मी.

आता खरी गोम. सूत्र चुकत नाही, मापे चुकतात. सर्वांत मोठा घोटाळा फूट-इंचांचा. 5 फूट 10 इंच उंची कुणी ‘5.10’ लिहितो, पुढचा त्याला 30.48 ने गुणतो आणि 177.8 ऐवजी 155.4 सेंटिमीटर येतात. वजन 70 असेल तर 1.86 च्या जागी 1.74! वजनातली चूक वर्गमूळामुळे निम्मी होऊन पुढे जाते हे खरे, पण म्हणून बेफिकीर राहू नये. उंची सरळ सेंटिमीटरमध्येच मोजा: चपला काढून, अंबाडा सोडून, टाचा भिंतीला लावून, नजर समोर. डोक्यावर पुस्तक ठेवता ते तिरके बसते. सुताराचा गुण्या भिंतीला टेकवून ठेवा. वाकलेल्या वयस्कर माणसाची उंची जुन्या ओळखपत्रावरून उतरवून घेऊ नका.

काटा बल्कांवात, म्हणजे घराच्या दर्शनी ओसरीवर, ठेवू नका. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून तिथल्या फरशीला उतार असतो, आणि काटा कलला की आकडा फसवतो. गालिच्यावरही नको. घरच्या घरी तपासायचे तर उकड्या तांदळाची न फोडलेली 10 किलोची पिशवी घ्या. आधी एकटे उभे राहा, मग पिशवी घेऊन. फरक 10 च्या आसपास आला नाही तर काटा आमच्याकडे आणा.

अंगाला सूज असेल, पोटात पाणी झाले असेल किंवा डायलिसिस चालू असेल तर वजन कधीचे धरायचे ते डॉक्टरांनाच विचारा. आणि काढलेल्या आकड्यावरून औषधाची मात्रा स्वतः कधीही बदलू नका. कार्बोप्लॅटिनसारख्या औषधाची मात्रा तर पृष्ठफळावर नाही, किडनीच्या कामावर ठरवतात. केमोच्या प्रत्येक फेरीआधी नवे वजन सांगणे, एवढे काम आपले.

दुकानात काटा तपासून देण्याचे पैसे घेत नाही. सेल बदलायचे झाल्यास तेवढेच पडतील. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारामुळे गाडी लावायला जागा मिळत नाही, शक्यतो शुक्रवार सोडून या. दुपारी 1 ते 3.30 दुकान बंद असते.