‘ए-वन’ची मूळ पाटी जहाजावरची

कोल्हापुरात ‘ए-वन’ नावाचे काहीतरी दर दोन चौकांआड सापडतेच. गॅरेज असेल, चपलांचे दुकान असेल, नाहीतर मिसळीची गाडी. शब्द इतका आपला झालाय, की तो लंडनच्या जहाजधंद्यातून आला यावर कुणाचा पटकन विश्वास बसणार नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून एडवर्ड लॉइडच्या कॉफीघरात जहाजमालक, कप्तान आणि विमा उतरवणारे जमत. विमेवाल्यांची अडचण अशी, की जहाज उभे बंदरात आणि आपण बसलोय टेबलाशी. ते धडधाकट आहे की आतून कुजलेय, हे कळायचे कसे? १७६० मध्ये त्यांनी वर्गणी काढून एक संस्था केली आणि जहाजांची यादी छापायला घेतली. जहाजाच्या ढाच्याला ए, ई, आय, ओ, यू अशी प्रत आणि नांगर, दोर, शिडे यांना वेगळी. सामानाची ही प्रत पुढे आकड्यांत आली. ढाचाही उत्तम, सामानही उत्तम, म्हणजे ‘ए-वन’.

पुढे भांडणही आले. विमेवाल्यांची प्रतवारी आपल्यावर अन्याय करते, म्हणून १७९९ मध्ये जहाजमालकांनी स्वतःची वेगळी वही काढली. विमेवाल्यांची हिरवी, मालकांची तांबडी. दोन्ही तोट्यात गेल्या, तेव्हा कुठे १८३४ मध्ये एक झाल्या. मग नुसत्या वर्गणीवर भागेना, म्हणून तपासणीची फी सुरू झाली आणि ती मालकाकडून घेतली जाऊ लागली. माझ्या मते या धंद्याचा सगळा पुढचा इतिहास या एका बदलात आहे. ज्याचे जहाज तपासायचे, पैसे त्यानेच द्यायचे.

सरकारे या खेळात उशिरा उतरली. खचाखच माल भरून जहाजे बुडवली जातात, म्हणून सॅम्युअल प्लिमसॉल यांनी ब्रिटिश संसदेत रान उठवले आणि १८७६ च्या कायद्याने जहाजाच्या अंगावर भाररेषा, म्हणजे माल भरल्यावर पाणी कुठवर चढू द्यायचे ती खूण, सक्तीची झाली. गंमत अशी, की ती रेषा कुठे मारायची हे मालकानेच ठरवायचे होते! ती पळवाट बुजायला १८९० उजाडले, आणि तेव्हाही गणिताची कोष्टके लॉइड्सच्या संस्थेकडूनच आली. आजही भाररेषेच्या खुणेतल्या वर्तुळाच्या दोन बाजूंना जी दोन अक्षरे दिसतात, ती भाररेषा ठरवून देणाऱ्या संस्थेची असतात. ‘टायटॅनिक’ बुडाल्यावर १९१४ मध्ये समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला आणि नियमांचे ओझे वाढतच गेले.

हे ओझे कायद्याने झेंड्याच्या देशावर, म्हणजे जहाजाची नोंद जिथे झाली त्या देशावर असते. पण झेंडा म्हणजे काय, हे ताराराणी चौकात रात्री उभे राहिले तरी कळते. मुंबईला निघालेली स्लीपर कोच, मालक इथलाच, ड्रायव्हर इथलाच आणि पाटी नागालँडची. पनामा, लायबेरिया, मार्शल बेटे यांचे झेंडे असेच चालतात. लायबेरियाची नोंदवही तर अमेरिकेतली एक कंपनी सांभाळते. मे २०२५ मध्ये केरळजवळ बुडालेले ‘एमएससी एल्सा ३’ लायबेरियाच्याच झेंड्याचे. जगभर आपले तपासनीस ठेवणे अशा देशांना परवडत नाही, म्हणून ते सरकारी तपासणीचे अधिकारही लॉइड्ससारख्या, जहाजांची प्रत ठरवणाऱ्या वर्गीकरण संस्थांनाच देऊन टाकतात. म्हणजे एकच सर्व्हेयर सकाळी मालकासाठी ‘क्लास’, म्हणजे जहाजाची प्रत, तपासतो आणि दुपारी सरकारच्या वतीने सुरक्षेच्या दाखल्यावर सही करतो.

डिसेंबर १९९९ मध्ये ‘एरिका’ हे माल्टाच्या झेंड्याचे तेलवाहू जहाज फ्रान्सजवळ दुभंगले. दाखला इटलीच्या रिना या संस्थेचा होता. फ्रान्सच्या न्यायालयांनी तिला दोषी धरले आणि २०१२ मध्ये सर्वोच्च पातळीवर तो निकाल कायम झाला. २००२ मध्ये ‘प्रेस्टिज’ स्पेनजवळ बुडाले. स्पेनने त्याला दाखला देणाऱ्या अमेरिकन ब्यूरो ऑफ शिपिंगला अमेरिकेत कोर्टात खेचले, पण तिथे स्पेन हरला. सारखेच अपघात, उलटे निकाल. मग २०१५ पासून अशा मान्यताप्राप्त संस्थांसाठी आंतरराष्ट्रीय संहिता लागू झाली. झेंड्याच्या देशाने काम सोपवले तरी जबाबदारी त्याचीच, हे तीत स्पष्ट लिहिले आहे.

भारताने आपली संस्था, इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग, १९७५ मध्ये मुंबईत काढली. मोठ्या संस्थांच्या जागतिक संघटनेचे पूर्ण सदस्यत्व तिला २०१० मध्ये मिळाले. नौवहन महासंचालनालय आपल्या झेंड्याच्या जहाजांचे बरेचसे तपासणीकाम तिच्याकडे आणि अशा इतर संस्थांकडे सोपवते.

समुद्र इथून घाटाखाली, पण हा कारभार पाहायला तिथवर जायला नको. एखाद्या फाउंड्रीला जहाजाच्या व्हॉल्व्हचे कास्टिंग करायचे असेल, तर वर्गीकरण संस्थेचा सर्व्हेयर शॉपवर येतो. हीट नंबर, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूचा क्रमांक, जुळवतो, त्याच हीटच्या टेस्ट बारवर हातोडीने आपला शिक्का उठवतो. बार मशिनला लागतो, ताणला जातो, मध्ये कमरेसारखा बारीक होतो आणि फाटकन तुटतो. तुटलेले दोन तुकडे जुळवून धरून तो लांबी मोजतो, आकडा लिहितो, मग कास्टिंगवर शिक्का. दाखला फाउंड्रीला मिळतो, आणि तपासणीचे बिलही फाउंड्रीच्याच नावाने येते.