पिझ्झा : नेपल्सच्या गरिबांचं खाणं पुण्यात रुळलं कसं

पुण्यात पिझ्झ्याचा विषय निघाला की "हा काही खरा पिझ्झा नव्हे" असं म्हणणारं कुणीतरी भेटतंच. पनीर, मक्याचे दाणे आणि ढोबळी मिरची घातलेल्या पिझ्झ्याच्या वाट्याला हे बोल हमखास येतात. इतिहास पाहिला तर या पिझ्झ्याची बाजू भक्कम आहे.

इटलीतल्या गाएता गावच्या ९९७ सालच्या एका लॅटिन दस्तऐवजात 'पिझ्झा' हा शब्द सापडतो. त्यावर टोमॅटो असणं शक्यच नव्हतं. टोमॅटो मूळचा अमेरिका खंडातला. सोळाव्या शतकात तो स्पॅनिश लोकांबरोबर युरोपात आला आणि विषारी असेल या धास्तीने बरीच माणसं त्याला हात लावायला तयार नव्हती. त्याला पावाच्या चकतीवर जागा दिली ती नेपल्सच्या गरिबांनी. अठराव्या शतकात हे बंदराचं शहर माणसांनी खच्चून भरलं होतं. हमाल, मजूर, मिळेल ते काम करणारे लोक एकेका खोलीत दाटीवाटीने राहायचे. चुलीला जागा नाही, सरपणाला पैसे नाहीत. रस्त्यात उभ्याउभ्या हाताने खाता येईल असं स्वस्त, पोटभरीचं काहीतरी त्यांना हवं होतं. मुंबईच्या कष्टकऱ्यांसाठी वडापावने जे केलं, तेच तिथे पिझ्झ्याने केलं. भट्टीवरून आणलेले पिझ्झे फेरीवाले डब्यात गरम ठेवत आणि गिऱ्हाइकाच्या हातात जेवढे पैसे असतील तेवढा तुकडा कापून देत. वर लसूण, चरबी, मीठ, फार तर बारीक मासळी. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ओढगस्तीत तिथे उधारीची रीतही होती : आज खा, आठ दिवसांनी पैसे दे.

मार्गेरिटाची गोष्ट सगळ्यांनाच माहीत असते. १८८९ मध्ये इटलीची राणी मार्गेरिटा नेपल्सला आली आणि राफाएले एस्पोझितो या पिझ्झेवाल्याने टोमॅटो, मोझरेला चीज आणि बेसिल वापरून इटलीच्या झेंड्याच्या रंगांचा पिझ्झा तिला खाऊ घातला. (आपला सब्जा म्हणजे याच बेसिलचं बी.) या गोष्टीला आधार म्हणून दाखवल्या जाणाऱ्या राजवाड्याच्या पत्राबद्दल इतिहासकारांनी शंका घेतली आहे, आणि मोझरेला-बेसिल घातलेल्या पिझ्झ्याचं वर्णन त्याआधीही आढळतं. मला स्वतःला राणीपेक्षा त्या फेरीवाल्यांचं श्रेय मोठं वाटतं.

जगभर पिझ्झा नेला तो पोट भरायला परदेशी गेलेल्या इटालियन माणसांनी. न्यूयॉर्कमध्ये लोम्बार्डीज हे दुकान १९०५ पासून पिझ्झा विकू लागलं. १९४३ मध्ये शिकागोत खोल भांड्यातला जाड पिझ्झा निघाला. दुसऱ्या महायुद्धानंतर पिझ्झा इटालियन वस्त्यांबाहेर पडला : १९५८ मध्ये कॅन्ससमध्ये दोन भावांनी पिझ्झा हट काढलं, १९६० मध्ये मिशिगनमध्ये डॉमिनोज सुरू झालं. कमी पाण्याचं, टिकाऊ मोझरेला, एकसारखा भाजणारा ओव्हन आणि घरपोच सेवा यांमुळे हे खाणं कुठल्याही गावात तसंच्या तसं मिळू लागलं. अननसाचा 'हवाईयन' पिझ्झा तर १९६२ मध्ये कॅनडात एका ग्रीक माणसाने केला.

'अस्सल' पिझ्झ्याचे नियम त्या मानाने अगदी अलीकडचे. नेपल्समधली पिझ्झेवाल्यांची संस्था १९८४ ची. लाकडाची भट्टी, सुमारे ४८५ अंश सेल्सियस तापमान, ६० ते ९० सेकंदांत भाजून तयार, हे सगळं तिने लेखी मांडलं. पिझ्झा करण्याच्या तिथल्या कलेला २०१७ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळालं, आणि ते रास्तच झालं.

भारतात मोठ्या परदेशी साखळ्या आल्या १९९६ मध्ये. आज अमेरिकेबाहेर डॉमिनोजची सर्वाधिक दुकानं भारतात आहेत. पुण्याला भट्टीची सवय मात्र जुनी. ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी १९५५ ची. त्यामुळे खारी-टोस्टच्या शेजारी पिझ्झा बेसची पाकिटं आली, तेव्हा ती घराघरांत सहज शिरली. ओव्हन नसला तरी अडत नव्हतं. तव्यावर थोडं बटर सोडायचं, बेसवर सॉस, कांदा, ढोबळी मिरची आणि किसलेलं चीज घालायचं, गॅस अगदी बारीक करून झाकण ठेवायचं. चीज वितळेपर्यंत खालची बाजू कुरकुरीत होते, कडा जरा कोरड्या राहतात. पुण्यातल्या कितीतरी मुलांनी पहिला पिझ्झा वाढदिवसाला असाच खाल्ला आहे, आणि मला तो पिझ्झ्याच्या इतिहासात पूर्ण बसणारा वाटतो.

मालही इथलाच आहे. पुणे-नाशिक रस्त्यावर मंचरला पराग मिल्क फूड्सचा चीजचा मोठा कारखाना आहे आणि तिथून पुढे नारायणगावला टोमॅटोचा मोठा बाजार भरतो. नेपल्सच्या आसपासचं नावाजलेलं मोझरेला म्हशीच्या दुधाचं असतं. म्हशीच्या दुधाला आपल्याकडे तोटा नाही. पुण्याच्या डेअरीवाल्यांनी मनावर घेऊन ते ताजं मोझरेला पनीरसारखं रोज विकायला ठेवावं, असं मला फार वाटतं.